समसनमामांचं बोटीचं लायसन

समसनमामा जिन्यात उजवीकडे वळताना एक शिट्टी वाजवत, डावीकडे वळताना दोन. काही विसरलं म्हणून मागे फिरायचं असलं तर तीन. आणि समोरच्या माणसाला नेमकं कुठं जायचंय याचा अंदाज येईनासा झाला, की लागोपाठ पाच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या रुमानियन बाईंना सकाळी कचऱ्याची बादली घेऊन उतरताना मामांच्या कुठल्या बाजूनं जावं हे कधी ठरवताच येत नसे. त्यामुळे आमच्या ब्लॉकला गजराच्या घड्याळाची गरज नव्हती. उजाडलं की पाच शिट्ट्या व्हायच्या, आणि पाठोपाठ रुमानियन भाषेत मामांचा उद्धार.

हे सगळे समुद्रावरचे नियम, आणि आम्ही राहत होतो इस्रायलच्या वाळवंटात, बेर्शेबाला. ज्यांनी त्या काळचं बेर्शेबा पाहिलं नाही त्यांना सांगते: गावाबाहेर कुठल्याही दिशेनं चालत सुटलं तरी आधी वाळू लागायची, मग उंट, मग पुन्हा वाळू. पाणी नळाला यायचं तेवढंच. अशा गावात, त्रेसष्ट सालच्या सुमारास, टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंग करणारा पन्नाशी उलटलेला माणूस हौशी मोटारबोट चालवायचं लायसन काढायला निघाला होता. त्याच्याकडे बोट नव्हती, आणि बोट घ्यायची ऐपत नव्हती. कोकणात असताना त्यांचं तेलाचं दुकान होतं; होडीत बसले असतील ते उतारू म्हणून.

"मामा, बोट नाही तर लायसन कशाला?" मी एकदा विचारलं.

"बाय, आधी लायसन, मग बोट. जमिनीवर माणूस कसाबी चालतो. पाण्याला रूल लागतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रॉकेलच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी ते हेच म्हणत, आणि घुसलेला माणूस पाणी कुठंय म्हणून पायाशी बघायचा.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायची. तसे ते माझे सख्खे मामा नव्हेत. ते कोर्लईचे, माझी आई चौलची. आमच्यासारख्या कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, माणसाला मामा व्हायला एवढं पुरतं. मी कुपात-खोलीमच्या, म्हणजे कामगारांच्या आजारनिधीच्या, दवाखान्यात नोकरीला होते आणि मला हिब्रू येत होतं, म्हणून अर्ध्या ब्लॉकचं हिब्रू माझ्याच तोंडून चालायचं. लायसनचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं ते तसं. माझा स्वभाव सोशिक नाही. माझ्या नवऱ्याला विचारलंत तर तो उदाहरणांसकट सांगेल.

आता रिबकामामींचं सांगायला हवं. मामी मामांशी बोलत नसत. भांडण झालं होतं म्हणून नव्हे. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. कोर्लईहून निघताना मामांनी त्यांना सांगितलं होतं की तिकडंही आपल्याला समुद्राजवळच घर मिळेल. मामांना तसं कुणीतरी सांगितलं होतं, आणि मामांचा सांगणाऱ्यावर नेहमीच विश्वास. ट्रक थांबला तो बेर्शेबाला. मामी ट्रकमधून उतरल्या, त्यांनी चारी बाजूंना नजर टाकली, आणि नवऱ्यापुरतं त्यांचं तोंड बंद झालं. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, शुक्रवारी दिवे लावलेले, पण शब्द नाही. माझ्याशी बोलत, भाजीवाल्याशी मोडक्या हिब्रूत हुज्जत घालत. मामा घरात शिरले की गप्प.

त्या वर्षी मुंबईहून मामींच्या भावाचा निरोप आला की जमत नसेल तर परत ये, घर तुझंच आहे. वसंतातला पेसहचा सण झाला की मामी जाणार होत्या, आणि जाणार म्हणजे कायमच्या. सगळ्या ब्लॉकला ते ठाऊक होतं. अशा वेळी शहाण्या माणसानं बायकोची समजूत काढली असती, चार माणसं मध्ये घातली असती. मामांनी लायसन काढायला घेतलं.

"पेसहच्या आधी झालं पायजे, बाय," एवढंच ते म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

लायसनला वयाची अट होती, ती मामांनी जवळजवळ तिपटीनं पुरी केली होती. मग आली डोळ्यांची तपासणी, आणि ती आमच्याच दवाखान्यात. तक्त्यावर हिब्रू अक्षरं. आमच्या जुन्या माणसांना हिब्रू येतं ते प्रार्थनेपुरतं, आणि तेही चालीतच. मामांनी पहिलं अक्षर पाहिलं, त्या अक्षराची प्रार्थना त्यांना आठवली, त्यांनी डोळे मिटले आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेच्या, चालीत ती शेवटपर्यंत म्हटली. आमचे डॉक्टर पोलंडचे, देवाधर्माशी फारसा संबंध नसलेले. त्यांनी काठी पुढच्या ओळीवर ठेवली. मामांनी दुसरी प्रार्थना धरली. बाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या आणि आमेन म्हणाल्या.

"हा माणूस डोळे मिटून वाचतो," डॉक्टर मला म्हणाले. "याला आणखी काय तपासू?"

रंगांची ओळख तपासायला त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं काढली. ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो सांगायचा. मामांनी आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "लाल डाव्या अंगाला, हिरवा उजव्या अंगाला. ह्या चित्रात लाल उजवीकडं हाय. ही बोट उलटी चाललीय, डॉक्टरला सांग." मी सांगितलं. डॉक्टरांनी सही केली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

पोहता येणंही जरुरीचं होतं. खाडीकाठी जन्माला आलेल्या मामांना पोहता येत नव्हतं. "होडी असताना पोहतो कोण?" असं त्यांचं म्हणणं. जवळच्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, लहान मुलांसाठी तलाव होता, तिथं मी ओळख काढून त्यांना पाठवलं. ते बनियन घालून पाण्यात उतरले आणि शिट्टी तोंडातून काढली नाही. श्वास सोडला की शिट्टी वाजे, आणि एक शिट्टी म्हणजे उजवीकडे. पहिले काही दिवस मुलं नुसती हसली. महिन्याभरात तलावातली सगळी पोरं उजव्या बाजूनं पोहू लागली आणि तिथल्या शिक्षिकेनं मला विचारलं, हे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेत का.

एकदा नियम अंगात भिनले, की मामांना जमीन दिसेनाशी झाली. त्यांच्या सायकलच्या हँडलला डावीकडे लाल रंग दिलेली जॅमची बरणी, उजवीकडे हिरवी. यंत्रावर चालणाऱ्या बोटीनं शिडाच्या होडीला वाट द्यायची, असा नियम आहे. त्यामुळे घोड्याच्या गाडीवर रॉकेल विकणारा इराकी माणूस मामांच्या हिशेबात शिडाचा ठरला, आणि मामा त्याला वाट देण्यासाठी थेट गटारात उतरत. वाळूचं वादळ सुटून वारा पाठीमागून आला, की मात्र ते स्वतःला शिडाचं समजत आणि मग बसनंही आपल्याला वाट द्यावी अशी त्यांची अपेक्षा असे. बसचा ड्रायव्हर त्या बाबतीत अडाणी होता.

घरात नियम वेगळा. मामी दाराशी खुर्ची टाकून तासन्‌तास बसत, वाटेत पाय पसरून. मामा शिट्टी न वाजवता भिंतीला अंग घासत त्यांना वळसा घालून जात.

"इथं का नाही वाजवत?" मी विचारलं.

"नांगर टाकलेली बोट हाय ती. तिला हल म्हणायचं नाय. आपणच लांबून जायचं."

मागच्या अंगणात त्यांनी कपडे वाळत घालायच्या खांबाला भंगारातल्या ट्रकचं स्टीअरिंग बांधलं होतं. संत्र्याच्या खोक्यावर बसून ते रोज संध्याकाळी तोंडानं इंजिनाचा आवाज काढत बोट धक्क्याला लावायचा सराव करत. धक्का म्हणजे आमची पाण्याची टाकी. मामी कपडे घेऊन आल्या की मामा इंजिन बंद करत आणि कपडे वाळत घालून होईस्तोवर हात मांडीवर ठेवून बसत. मामी त्यांच्याकडे पाहत नसत. मला त्या म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी गेल्यावर तू लक्ष ठेव हो." मी बरं म्हटलं.

परीक्षा देशाच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या एलातला होती, पेसहच्या थोडीच आधी. दुभाषी म्हणून मला जाणं भाग होतं. मामींना मी म्हटलं, चला, एवढी वर्षं या देशात राहिलात, जाण्याआधी समुद्र तरी बघून घ्या. त्यांनी विचार केला आणि पातळ बदललं. बसमध्ये त्या माझ्याजवळ बसल्या, मामा एकटे पुढच्या बाकावर. वाळवंटातून बस तासन्‌तास धावत होती आणि मामा प्रत्येक वळणाला ओठांतल्या ओठांत शिट्टी वाजवत होते.

परीक्षक जर्मनीहून आलेले गृहस्थ होते. अर्धी चड्डी घातली होती, पण तिलाही इस्त्री. तोंडी परीक्षा धक्क्यावरच झाली. त्यांनी विचारलं, धुकं पडलं तर काय कराल? मामा म्हणाले, धुकं कधी पाहिलं नाय, पण धूळ रोज बघतो. वेग कमी करतो, शिट्टी वाजवतो आणि खोकतो. परीक्षकांनी खोकण्याबद्दल मला दोनदा विचारलं. बाकी दिवे, शिट्ट्या, वाट कुणी कुणाला द्यायची, सगळं मामांनी घडाघडा सांगितलं. माझी छाती उगाचच फुगली.

मग परीक्षकांनी पेन्सिल सरसावून विचारलं, "लायसन कशासाठी हवंय? मासेमारी, खेळ, सहल?"

मामा इकडेतिकडे बघून हळू आवाजात मला म्हणाले, "सांग त्याला, बायको रुसली की परत आणायला."

मला वाटलं, उन्हानं झालं असेल. पण दुभाष्यानं आपलं काही घालू नये. मी जसंच्या तसं सांगितलं. परीक्षकांनी 'खेळ' असं लिहिलं.

मग परीक्षक बोटीत बसले, मामा सुकाणूशी बसले, दोघांनी तरंगती जाकिटं चढवली. "निघा," परीक्षक म्हणाले. मामा निघेनात. इंजिन सुरू, हात चाकावर, नजर काठावर. परीक्षक पुन्हा म्हणाले, निघा. मामा उभे राहिले आणि काठाकडे तोंड करून त्यांनी कोकणी तरवाल्याची, म्हणजे खाडीतल्या होडीवाल्याची, लांब हाळी घातली, "चला, तर सुटतेय, पलीकडं कोण येतंय का, चला."

पलीकडे जॉर्डन होतं. एलातच्या समोरच्या काठावर जॉर्डनचं सैन्य बसलेलं असायचं. 'पलीकडं' हा शब्द मी भाषांतरात गाळला.

"हे काय करतायत?" परीक्षकांनी विचारलं.

"तर भरायची वाट बघतायत," मी म्हटलं. आमच्याकडे खाडी ओलांडायची होडी म्हणजे तर, आणि ती माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, हे मी त्यांना समजावलं. ते घड्याळ बघायला लागले. या देशात प्रत्येक कारकून आपल्याला 'सावलानूत' म्हणतो, म्हणजे धीर धरा. मामांनी मागे न बघता परीक्षकसाहेबांना तेच ऐकवलं, "सावलानूत, अदोनी." आता नापास होणार, या खात्रीनं मी तणतणत मामींकडे गेले. त्या पत्र्याच्या सावलीत बाकावर बसल्या होत्या, समुद्राकडे तोंड, बोटीकडे पाठ.

"मामी, तुम्ही तरी सांगा त्यांना. बोट सोडत नाहीत, म्हणे तर भरू दे. आणि परीक्षकाला काय सांगितलं माहीत आहे? बायको रुसली की आणायला लायसन पाहिजे."

 मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझं माहेर रेवदंड्याला. कोर्लईच्या समोर, खाडीच्या पल्याड. लगीन झालं तवा माझा स्वभाव लय तापट. भांडण झालं की मी तरीत बसायची न् आयेकडं निघून जायची. सांजच्याला हे यायचे. दारात उभे राहायचे. माफी नाय, समजूत नाय, तसलं ह्यांना येतच नाय. नुसतं म्हणायचे, तर थांबलीय तुझ्यासाठी. तरवाल्याला गूळ-शेंगदाणे देऊन खरंच थांबवून ठेवलेली असायची. सगळी माणसं तरीत खोळंबलेली, माझ्या नावानं ओरडत. मग मला यायलाच लागायचं."

त्यांनी गुंडाळलेला पदर सोडला. "हितं भांडून जाऊ कुठं गं? दार उघडलं की वाळू. जायला जागा नाय म्हटल्यावर मी भांडायचंच सोडलं. आता हा माणूस मला रुसायला खाडी शोधत फिरतोय."

  मी लायसनची चेष्टा वर्षभर केली होती, आणि तो माणूस वर्षभर तलावात पोरांबरोबर पाय मारत होता तो यासाठी. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी परीक्षकांवर डाफरले की थांबा जरा, एक उतारू येतोय.

मामी उठल्या, पातळ सावरलं, धक्क्यावरून चालत गेल्या आणि बोटीत उतरल्या. मामांकडे पाठ करून बसल्या. परीक्षक काही बोलणार होते, पण मामींनी त्यांच्या पायाशी पडलेलं तिसरं जाकीट असं ओढून घेतलं की ते गप्प बसले. बोट सुटली.

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मग पाण्यावरून मामींचा आवाज आला, "अवो, तिकडं कुठं? समोर खांब दिसत नाय काय?" मी धक्क्यावर बसकणच मारली. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला उद्देशून काढलेला, माझ्या कानांवर पडलेला, तो पहिला शब्द. एकदा बांध फुटल्यावर मग काय. हळू घ्या, उडवा पाणी माझ्या अंगावर, तेलाची घाणी फिरवताय का बोट. परीक्षकांनी नियमाप्रमाणे तरंगतं कडं पाण्यात फेकलं आणि ओरडले, माणूस पडला. मामींनी त्यांनाही सोडलं नाही. "कुणी नाय पडलं, यानंच फेकलं, मी बघितलं." मामांनी कड्याभोवती सुरेख वळण घेऊन ते उचललं. तोवर सगळं ठीक होतं.

शेवटी धक्क्याला लावायचं. बोट सरळ येत होती, अंगणातल्या टाकीशी शंभरदा आली असेल तशी. मामी ओरडत होत्या, "डावीकडं घ्या, डावीकडं." अगदी जवळ आल्यावर बोटीनं तोंड फिरवलं, धक्क्याला आडवी आदळली, आणि परीक्षकांची टोपी पाण्यात पडली.

मामा नापास झाले. परीक्षकांनी मला बाजूला घेऊन, अदबीनं 'बाई' म्हणत कारण सांगितलं, "गेवेरेत, बोटीवर कप्तान एक असावा लागतो. इथं तो कोण होता ते मला शेवटपर्यंत समजलं नाही." सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला एकटीला बाक मिळाला. मामी मामांशेजारी बसल्या आणि भांडू लागल्या. ट्रकपासून सुरुवात केली. समुद्राजवळचं घर, वाळू, दारातली खुर्ची, जॅमच्या बरण्या, चारचौघांत झालेली शोभा, सगळं साठलेलं बाहेर आलं. पुढचेमागचे प्रवासी वळून बघत होते. एका शिपाई पोरानं जागा बदलून घेतली. मध्ये एकदा मामा काहीतरी पुटपुटले, बहुधा मुंबईबद्दल, तर मामी कडाडल्या, "मुंबईला जाऊन मी कुणाशी भांडू? भावजयीशी? भावाला कळवून टाका, मला सवड नाय. सहा महिन्यांनी परत परीक्षा हाय न् ह्यांना धक्क्याला लावता येत नाय."

अर्ध्या वाटेत, वाळवंटातल्या एका टपरीपाशी, बस चहाला थांबली. मामी पाय अवघडले म्हणून आतच राहिल्या. मी आणि मामा पेले घेऊन उन्हात उभे होतो. मामींचं तर मिटलं होतं, पण मामांच्या वर्षभराच्या मेहनतीचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

"मामा, धक्क्याला लावायचं तर तुम्हांला झोपेत जमलं असतं. आजच कसं चुकलं?"

मामांनी बसच्या खिडकीकडे पाहून घेतलं. "चुकलं नाय, बाय. नीट येत होती. पण नीट लागली असती तर पास झालो असतो, न् मग ही काय बोलली असती? गप्प बसली असती परत. म्हटलं, आता इतक्या वर्सांनी हिनं तोंड उघडलंय, ते बंद होता कामा नये. जरा तिरकी घेतली."

"आणि लायसन?"

"लायसनचं काय घेऊन बसलीस? कोर्लईच्या तरवाल्याकडं कुठं होतं?"

खिडकीतून मामींचा आवाज आला, की उन्हात डोक्याला टोपी न घालता काय उभे राहिलाय, अक्कल आहे का, आजारी पडलात तर करायचं कुणी. सगळी बस ऐकत होती. मामांचे डोळे डबडबले होते.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून बसकडे निघाले.